दुसऱ्या तारेवरचा ऋषभ



गिटारवरील विस्तारित डॉमिनंट सेव्हन्थ या स्वरमेळाविषयी बोलण्याची मला आज्ञा झाली आहे. नाव अवजड असले तरी पेटीवर हात फिरवलेल्या प्रत्येकाला ही गोष्ट परिचयाची आहे. षड्ज, शुद्ध गंधार, पंचम आणि कोमल निषाद एकत्र वाजले की डॉमिनंट सेव्हन्थ झाला. त्यावर वरच्या सप्तकातील ऋषभ चढवला की नाइन्थ, मग मध्यम चढवला की इलेव्हन्थ आणि धैवत चढवला की थर्टीन्थ. थर्टीन्थमध्ये सातही स्वर येतात आणि गिटारला तारा सहा! तेव्हा काही स्वर गाळणे भागच आहे. पंचम खुशाल गाळावा. मध्यम गंधाराला खेटून खटकतो, म्हणून थर्टीन्थमधून त्यालाही बहुधा रजा देतात. गंधार आणि कोमल निषाद मात्र सोडू नयेत. त्या दोघांमधील ताणामुळेच कान पुढच्या स्वरमेळाची वाट पाहतो.

एवढे मी पुस्तकातून शिकलो. ऋषभाचे मर्म मात्र एका मेंदीच्या रात्री कळले. मावशींनी ‘हावा नगीला’ सुरू केले, षड्ज ‘ई’चा. मी ऐटीत ई नाइन्थ लावला: पाचव्या तारेवर सातवा पडदा, चौथीवर सहावा, तिसरी आणि दुसरीवर पुन्हा सातवा, पहिली मुकी. दुसऱ्याच ओळीला मावशी थांबल्या. “बाळा, तुझा रे माझ्या रेच्या अंगावर येतो!” सारे सभागृह हसले. पुढच्या दोन लग्नांत मला कोणी गिटार आणायला सांगितले नाही.

मावशींचेच बरोबर होते. ती चाल ‘अहावा रब्बा’ या स्वरावलीतली. तिच्यात ऋषभ, धैवत आणि निषाद कोमल. आपल्या बसंत मुखारी रागाचेही स्वर हेच. माझ्या नाइन्थमध्ये मात्र शुद्ध ऋषभ ठाण मांडून बसला होता. दुसऱ्या तारेवर सातव्याऐवजी सहावा पडदा दाबला की तो कोमल होतो आणि स्वरमेळ ए मायनरकडे आपसूक ओढला जातो. त्याच तारेवर आठवा पडदा दाबा, की १९६७ साली जिमी हेंड्रिक्स यांनी ‘पर्पल हेझ’मध्ये गाजवलेला शार्प नाइन्थ झाला. त्यात शुद्ध आणि कोमल असे दोन्ही गंधार भांडतात. लग्नात तो वाजवू नये, असे माझे मत आहे. आमच्या मुलांचे निराळे आहे.

आता तिन्ही स्वरमेळ वाजवून दाखवतो. मावशी पहिल्या रांगेत बसल्या आहेत. सहाव्या पडद्याला त्यांनी मान डोलावली, तरच पुढे गाऊ.