मालकी आणि मताधिकार

अमेरिकेतील इंडियाना राज्यात साउथ बेंड येथे जॉन व माइल्स ओब्रायन या जुळ्या बंधूंनी १९०६ साली लेथ यंत्रांचा कारखाना काढला. लेथ कसे चालवावे हे शिकविणाऱ्या त्यांच्या पुस्तिकेच्या पन्नासाहून अधिक आवृत्त्या निघाल्या. १९७५ मध्ये तत्कालीन मालक कंपनी हा कारखाना मोडीत काढण्याच्या बेतात असता, शासकीय निधीतून मिळालेल्या कर्जाच्या साहाय्याने कर्मचाऱ्यांनीच तो विकत घेतला. सुमारे पाचशे जणांचा रोजगार वाचला. तथापि, भाग कामगारांचे आणि निर्णय व्यवस्थापनाचे, अशी स्थिती राहिली. परिणामी १९८० मध्ये कामगारांनी स्वतःच्याच मालकीच्या कारखान्यात संप पुकारला. कारभारात मत नसलेली मालकी कागदावरच राहते. सहकारातील 'एक सभासद, एक मत' हे तत्त्व याचसाठी मोलाचे आहे.