जुन्या पद्मिनीला आतून अस्तर

आमच्या बचत गटात सोफ्याची कव्हरं आणि गोधड्या शिवतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. आता कुशनवाले आम्हाला जुन्या गाड्यांच्या आतलं कामही देतात. पहिली आली प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही गाडी मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली.

हौसेनं ती जपणाऱ्यांची तक्रार एकच : आत बोललेलं ऐकू येत नाही आणि पाय भाजतात. इंजिन आणि पाय यांच्यामध्ये एक पत्रा, तोच थरथरून वाजतो.

म्हणून आधी थरथर थांबवायची. बुटाईल रबराची, वरून अ‍ॅल्युमिनियमची पन्नी असलेली चिकट पट्टी मिळते. मोठ्या सपाट पत्र्याचा मधला पाव भाग झाकला तरी बराच फरक पडतो. दुकानदार अर्थात अख्ख्या गाडीची विकू बघतो! गच्चीची डांबरी पट्टी स्वस्त, पण उन्हात वास मारते. पट्टीवर उष्णता अडवायला पाणी न पिणारा फोम, मग गालिचा. इंजिनकडच्या पत्र्यात वायरींसाठी भोकं असतात. तिथं रबरी बुचं नसतील तर बाकी खर्च वाया.

आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, फोम कशाला, जुन्या लुगड्यांची गादी घालू, पैसा वाचेल. आम्ही ते केलं नाही. गोधडी पावसाळ्यात वाळायला किती दिवस लागतात, आपल्याला माहीत आहे. गाडीत ती वाळतच नाही, खालचा पत्रा गुपचूप गंजतो. शिवाय इंजिनजवळ कापूस म्हणजे आगीला आमंत्रण. फोमही लवकर पेट न घेणाराच मागून घ्यायचा.

दारांच्या खालच्या कडेला बारीक छिद्रं असतात. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून जातं. ती बुजली तर दार कुजतं, म्हणून पट्टी लावण्याआधी आम्ही तिथं खडूनं खूण करतो.

मापं वर्तमानपत्रावर घेतो, ब्लाऊजचा कागद कापतो तशी. मधल्या उंचवट्यावर गालिचा सपाट बसत नाही, तिथं टक्स घालतो. ते आपल्याला कुणी शिकवायला नको!

जमिनीचा पत्रा गंजलेला दिसला, तर फोटो काढून मालकाला पाठवतो. आधी वेल्डिंग, मग अस्तर. ‘वरून झाकून द्या’ म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही, मग मजुरी दुप्पट का असेना.