मशीनचे नाव नीट लिहा
(शाखेच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



आजचा विषय पगारवाढीचा नाही, ड्रिल मशीनचा आहे. युनियनच्या अभ्यासवर्गात हे कशाला, असे काहींना वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कामगार बंधूचे मनगट ड्रिलच्या झटक्याने मोडले. आम्ही कागद पाहिले. इंडेंटवर 'ड्रिल मशीन, नग १' एवढेच लिहिले होते. आले होते भिंतीचे मशीन आणि काम होते पोलादाचे. वरून उत्तर मिळाले, 'मागितले ते दिले, चूक वापरणाऱ्याची.' कागदावर नाव धड नव्हते, म्हणून आमची बाजू लंगडी पडली.

तेव्हा नावे ध्यानात ठेवू या. साध्या हातड्रिलात बिट फक्त फिरते. ते लोखंडासाठी व लाकडासाठी. हॅमर ड्रिलात बिट फिरता फिरता ठोकेही मारते. ते विटांच्या भिंतीसाठी. टपालपेटी भिंतीवर बसवायची तर हेच घ्यावे. त्यानेच लोखंडाला भोक पाडायचे झाले, तर ठोक्याचा खटका आधी बंद करावा. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो. त्याची एसडीएस जातीची खाचांची बिटे साध्या चकात वापरू नयेत. पोलादात मोठे भोक हातड्रिलाने पाडू नये. शॉपमध्ये पिलर ड्रिल आहे, जागेवर चुंबकाने पकडणारे मॅग्नेटिक ड्रिल आहे. फिशप्लेटच्या बोल्टसाठी रुळाला भोक पाडायचे, तर रुळालाच आवळून बसणारे रेल ड्रिल हवे.

आता मशीनच्या पाटीची भाषा. 'चक १३ एमएम' म्हणजे चकात १३ मिलिमीटरपर्यंतच्या दांड्याचे बिट बसते. पोलादात तेवढे भोक पडेलच, असा त्याचा अर्थ नाही. पोलाद, काँक्रीट आणि लाकूड यांचे आकडे निरनिराळे असतात. 'आरपीएम' म्हणजे मिनिटाचे फेरे, तेही बहुधा भार नसतानाचे. बिट जाड तितके फेरे कमी ठेवावेत. चौकोनात चौकोन ही खूण दुहेरी इन्सुलेशनची. अशा मशीनला अर्थिंगची तार नसते. खूण नसेल आणि बॉडी धातूची असेल, तर अर्थिंग तपासल्याशिवाय हात लावू नका.

बिट अडकले की मशीनच उलटे फिरते आणि मनगट पिळते. म्हणून बाजूची मूठ लावलीच पाहिजे. बिट बदलताना पिन काढा. चकाची चावी चकात विसरू नका. डोळ्यांना चष्मा लावा, पण फिरत्या बिटाजवळ हातमोजे नकोत.

यापुढे इंडेंटवर मशीनचा प्रकार, चकाचे माप, पोलादातील क्षमता आणि बाजूची मूठ, हे चारही लिहून घ्या. एक नक्कल शाखेकडे ठेवा. चुकीचे मशीन आले तर ते लेखी परत करा. मग चूक कोणाची, हे कागदच सांगेल.

कामगार एकजुटीचा विजय असो!