जमिनीचे शून्य, समुद्राचे शून्य



२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना दगडी पूल पुरात कोसळला. एसटीच्या दोन गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल १९२८ चा होता. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर नवा पूल उभा राहिला, आणि इतक्या कमी अवधीत तो उभारणाऱ्यांचे कौतुक करायलाच हवे. मला प्रश्न पडतो तो पाण्याखालचा. पुलाच्या पायाशी नदीचा तळ दर पावसाळ्यात किती खरवडला जातो, हे वर्षानुवर्षे मोजत राहणे विद्यापीठातल्या कोणत्या विभागाचे काम आहे?

परिवहनवाले पुलावरची वाहने आणि भार पाहतात. भूस्थानिक विभाग उपग्रहाची चित्रे वाचतो. किनारा अभियांत्रिकीचे लोक नदीच्या मुखाशी, बाणकोटला, लाटा आणि गाळ मोजतात. सावित्री मात्र एकच आहे. महाबळेश्वराहून उतरलेले तिचे पाणी महाडजवळ येते तेव्हा खाली खाडीत भरती असेल, तर त्याला वाट मिळत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड बुडाले आणि त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगरावरून सुटलेली माती शेवटी नदीतच येते. म्हणून पात्रातला गाळ, मध्ये तयार झालेली बेटे आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव यांविषयी महाडकर पोटतिडकीने बोलतात. भरावामुळे पुराची पातळी किती वाढते, हा आकड्याने सुटणारा प्रश्न आहे. तो आकडा काढायला रेल्वेचा भराव, नदीचा तळ आणि समुद्राची भरती एकाच गणितात घ्यावी लागतात.

इथेच आपली खरी अडचण आहे, आणि तिच्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. आपला जमिनीचा नकाशा उंची मोजतो ती समुद्राच्या सरासरी पातळीपासून. नौकानयनाचा नकाशा खोली मोजतो ती नीचतम ओहोटीच्या आसपास धरलेल्या पातळीपासून. मुंबईत या दोन शून्यांमध्ये सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे. खाडीत आत जावे तसे ते बदलत जाते. दोन नकाशे नुसते शेजारी ठेवून जोडले, तर एक अख्खा मजला चुकतो. त्यात विद्यार्थी इंटरनेटवरून मिळणारे फुकटचे उंचीचे प्रारूप घेतात. अंतराळयानातल्या रडारने बनवलेल्या अशा प्रारूपात कांदळवनाचा शेंडाच जमीन समजला जातो आणि चूक काही मीटरची असू शकते. खाजणात एखाद्या मीटरवर ठरते, की शेत राहील की खाडी आत येईल. अशा प्रारूपावर एखाद्या गावाच्या पुराचा रंगीत नकाशा काढून पदवी मिळत असेल, तर आपण त्या गावाची फसवणूक करतो आहोत, असे मला वाटते. हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो.

उपाय दुर्मीळ नाहीत. फेब्रुवारी २०२१ पासून नकाशांवरचे निर्बंध पुष्कळ सैल झाले आहेत. ड्रोनवरचे लायडार आहे, छोट्या होडीला लावता येणारे ध्वनी-खोलीमापक आहे, उपग्रहाधारित उंचीमापन आहे. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राला बंदरांची आणि खाड्यांची प्रतिकृती बांधून भरती-ओहोटी तपासण्याचा मोठा अनुभव आहे. लोणेऱ्याचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ तर महाडच्या शेजारीच, त्याच महामार्गावर आहे. कमी आहे ती चिकाटी. प्रकल्प दोन-तीन वर्षांत संपतो, अहवाल कपाटात जातो आणि पुढचा विद्यार्थी नव्याने सुरुवात करतो. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राची पातळी नोंदवली गेली, म्हणून आज पश्चिम किनाऱ्याच्या पाण्याविषयी आपण ठामपणे बोलू शकतो. ज्यांनी त्या नोंदी रोज लिहिल्या, त्यांच्यापैकी कोणाला त्यावर डॉक्टरेट मिळाली असेल असे वाटत नाही.

एवढ्यासाठी या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवतो. किनाऱ्यावरच्या प्रत्येक अभियांत्रिकी संस्थेने जवळची एक खाडी कायमची आपली मानावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तिचे तेच छेद, त्याच शून्यावरून, पुन्हा पुन्हा मोजावेत आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात. काटेकोर मोजणी आणि तिची जपणूक ही प्रबंधाइतकीच विद्यापीठीय कामगिरी धरावी. होडी चालवणारा कोळी आणि खारबंदिस्तीचा बांध राखणारा शेतकरी यांना या कामात मोबदला आणि नोंदीवर नाव मिळावे. सुरुवात पोलादपूर ते बाणकोट या सावित्रीच्या पट्ट्यापासून व्हावी. परिवहन, भूस्थानिक आणि किनारा या तिन्ही विभागांचे विद्यार्थी एकाच होडीत असावेत. पहिली मोजणी येत्या पावसाळ्यापूर्वी पुरी करायची असेल, तर या कामासाठीच्या समितीची नावे आज दुपारच्या सत्रातच ठरवावी लागतील.