छावणीतले ताट



मी बँकेतला कारकून. रोजचा संबंध आकड्यांशी. आज मात्र ताटाविषयी बोलणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडमधील हजारो कुटुंबे सायबेरियात नेऊन टाकली. १९४१ नंतर सुटका झाली आणि त्यांतले काही इराणमार्गे आपल्या देशात आश्रयाला आले. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ त्यांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसे, बायका-मुलेच अधिक. तेथे कुटुंबाला भत्ता मिळे. बाजार करावा, बिऱ्हाडात आपल्या चवीचे शिजवावे. घरदार गमावलेल्या बाईच्या हाती तिची चूल परत देणे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

जामनगरजवळ बालाचडी येथे १९४२ पासून पोलिश मुलांची वेगळी छावणी होती. तिथे वाढलेल्यांनी सांगितलेली आठवण अशी की, ताटात सारखा पालक येई. मुलांनी एके दिवशी संपच केला! जामसाहेब दिग्विजयसिंहजींच्या कानी गेले. ते रागावले नाहीत, आचाऱ्याला पालक बंद करायला लावला.

आज मदतकार्याची 'स्फिअर' नावाची मानके आहेत. माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी, हा आकडा सगळे सांगतात. अन्न खाणाऱ्याच्या सवयीचे असावे, तक्रारीची वाट खुली असावी, हेही त्यांत आहे. ते कोणी सांगत नाही.

मी कॉलेजला असताना एका वसतिगृहात राहिलो. दादरच्या भाकरीवर वाढलेली आम्ही खेड्यातली पोरे. तिथे वरणात किडे निघत. मी तक्रार केली, तर उत्तर मिळाले, "फुकटचं खाता आणि वर तोंड करून बोलता?" पुढे तीन वर्षे मी तोंड उघडले नाही. खोलीतला एक मित्र पोटाच्या दुखण्याने घरी गेला, तो परत आलाच नाही. त्याचे शिक्षण तिथेच सुटले.

आमच्या शाखेत तक्रारवही आहे. तिच्यात माझ्याविरुद्धही दोन नोंदी आहेत, आणि त्यातली एक खरी आहे!

धुळे-जळगावला वसतिगृहात राहणारी मुले इथे बसली आहेत. ज्यांच्या ताटाविषयी काही म्हणणे असेल त्यांनी सभा संपल्यावर मला भेटावे. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, ते आपण बसून पाहू. कागद मी आणले आहेत.

जय भीम.