एसी गार करत नाही? गॅस भरायच्या आधी हे ऐका

आजचा भाग जुन्या गाडीच्या एसीवर. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. बाबांची बायपास झालेली, तपासणीसाठी त्यांना अकोल्याहून नागपूरला न्यायचं होतं. गाडी बारा वर्षं जुनी. एसी नीट चालेना म्हणून पंधरा दिवसांत दोनदा गॅस भरून घेतला होता. हायवेवर बऱ्यापैकी गार वाटलं. पण पुढे ट्रक उलटलेला, गाड्यांची रांग लागली, आणि थोड्याच वेळात एसीतून गरम झळा यायला लागल्या. बाहेर 44 अंश. मागे वळून पाहिलं तर बाबा घामाघूम, बोलणंही तुटक. कसंबसं एका ढाब्याच्या सावलीत बसवलं, डॉक्टरांना फोन केला. अर्ध्या तासाने ते सावरले. तो अर्धा तास मी विसरलेलो नाही.

परत आल्यावर दुसऱ्या एका मेकॅनिककाकांकडे गेलो. म्हटलं, "काका, गॅस भरून द्या."

काका म्हणाले, "गॅस म्हणजे काय पेट्रोल हाय का, जळून जायले? अन् गेला तं कुठून गेला, ते पाहाले नको?"

आजचा मुद्दा एवढाच आहे. एसीचा गॅस बंद नळ्यांमध्ये गोल फिरत असतो, वापरून संपत नाही. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, ते वेगळं. पण पंधरा दिवसांत कमी झाला, तर गळती आहे. आणि गळती नसेल, तर दोष दुसरीकडेच आहे.

काकांनी मग विचारलं, "चालत्या गाडीत गार अन् उभ्या गाडीत गरम, असं हाय का?" अगदी तसंच होतं. त्यांनी बॉनेट उघडून एसी लावायला सांगितला. पुढचा पंखा फिरतच नव्हता! रेडिएटरच्या पुढे कंडेन्सर असतो. गॅसने गाडीच्या आतली उष्णता आणलेली असते, ती तिथे बाहेर पडते. गाडी पळते तेव्हा वारा आपोआप लागतो; उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. त्यात आमच्या कंडेन्सरवर धूळ आणि कापसाच्या तंतूंचा थर. वर दोनदा भरलेला जास्तीचा गॅस! गॅस जास्त झाला तरी दाब वाढतो आणि गारवा कमी होतो, हे मला तेव्हा कळलं.

काकांनी पंख्याची मोटर बदलली, कंडेन्सर धुतला, गॅस मशीनने काढून घेतला आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच परत भरला.

आता तुम्ही घरी काय बघायचं?

एक, हवाच कमी येते का? मग आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही जुन्या गाड्यांत मात्र नसतोच.

दोन, हवा जोरात येते पण गार नाही? बाहेरची हवा आत घेणारं बटण चालू राहिलंय का, तापमानाचा नॉब पूर्ण थंडीकडे आहे का, ते बघा.

तीन, उभ्या गाडीतच गरम होतं? पंखा आणि कंडेन्सर. पंखा लांबूनच बघा, हात घालू नका, तो कधीही सुरू होतो. कंडेन्सर धुवायचा तर इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, हलक्या धारेने. जोराच्या धारेने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

चार, एसीच्या नळ्यांच्या जोडांवर तेलकट डाग दिसतोय? गॅसबरोबर तेलही फिरतं, त्यामुळे गळतीची जागा बऱ्याचदा तेलकट होते.

गॅसच्या नळ्या मात्र स्वतः कधीच उघडायच्या नाहीत. बऱ्याच जुन्या गाड्यांत आर-134ए असतो. तो उघड्यावर उणे 26 अंशांना उकळतो. हातावर किंवा डोळ्यांत उडाला तर इजा होते. शिवाय हवा तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त ताकदवान आहे.

आणि गॅरेजमध्ये "गॅस भरा" म्हणू नका. म्हणा, "आधी दोन्ही बाजूंचा दाब बघा. कमी असेल तर गळती शोधा."

पुढच्या तपासणीला आम्ही त्याच गाडीतून गेलो. टोलनाक्यावर पुन्हा रांग. मी घाबरून आरशात पाहिलं. बाबा म्हणाले, "अरे, जरा कमी कर, थंडी वाजते."