आठवीतील मुलाची वाट कोण ठरवतो?

(मंचर येथे जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



आजच्या अभ्यासवर्गासाठी मला ‘दहावीनंतर काय?’ असा विषय देण्यात आला होता. संयोजकांची क्षमा मागून मी तो थोडा मागे ओढला आहे. दहावीचा निकाल लागला की गावोगाव हा प्रश्न विचारला जातो, मार्गदर्शन मेळावे भरतात, पाहुण्यांची भाषणे होतात. परंतु तोपर्यंत बहुतेक मुलांच्या बाबतीत उत्तर ठरून गेलेले असते. ते आठवी-नववीत ठरते, आणि ज्याच्या आयुष्याचा हा प्रश्न आहे त्याला न विचारताच ठरते. म्हणून आपले काम आठवीपासून सुरू झाले पाहिजे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम कायद्याकडे पाहू. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला. म्हणजे आठवी संपली की कायद्याचा हात सुटतो. महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती, आणि त्या शिक्षणात हिशेब, शेती व आरोग्य ह्यांचे ज्ञान असावे असेही सांगितले होते. ती मागणी कायद्यात उतरावयास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागला. उतरली तीही अशी, की वाट निवडण्याचा प्रसंग येतो नेमका तेथेच मूल एकटे पडते.

अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मी मुलांना ‘संधी खर्च’ ही कल्पना शिकवीत असे. एखादी गोष्ट करताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, तिचे मोल म्हणजे संधी खर्च. नववीचा वर्ग ह्याचे उत्तम उदाहरण आहे. शाळेची फी शून्य असली तरी शिक्षण फुकट नसते. नारायणगावच्या टोमॅटोच्या तोडणीला किंवा कांद्याच्या लागवडीला चौदा वर्षांची मुलगी आईबरोबर गेली, तर त्या दिवशी घरात दुसरी मजुरी येते. ती वर्गात बसली, तर तेवढी मजुरी बुडते. पश्चिमेकडच्या गावांत उन्हाळ्याच्या तोंडाशी हिरडा गोळा करावयाचा असतो, आणि दहावीची परीक्षाही त्याच सुमारास येते. घरच्या माणसांना शिक्षणाची किंमत कळत नाही असे म्हणणे सोपे आहे. खरे पाहता, ती किंमत त्यांच्याइतकी दुसऱ्या कोणालाच रोज मोजावी लागत नाही.

आपल्या दोन तालुक्यांत हा प्रश्न दोन रूपांनी उभा आहे. पश्चिमेला डोंगर, भातखाचरे आणि महादेव कोळ्यांची गावे. पूर्वेला कुकडी व घोड नद्यांच्या पाण्यावर पिकणारा ऊस, कांदा, द्राक्ष. डिंभे धरणात ज्या आंबेगावाच्या नावाने तालुका ओळखला जातो ते गावच बुडाले, आणि साठलेले पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले. शिक्षणाच्या सोयीही पाण्याच्याच वाटेने गेल्या आहेत. विज्ञान शाखेची कनिष्ठ महाविद्यालये, शिकवण्या, वसतिगृहे ही प्रामुख्याने मंचर, घोडेगाव, नारायणगाव, जुन्नर, ओतूर अशा मोठ्या गावांत आहेत. बागायतदाराच्या घरी प्रश्न असतो, ‘क्लास कोणता लावावयाचा?’ आहुप्याच्या किंवा हातवीजच्या घरी प्रश्न असतो, ‘उतरावयाचे कोठे?’ दोन्ही घरांना एकच छापील पत्रक देऊन मार्गदर्शन झाले असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे.

मुलाच्या कलाप्रमाणे अभ्यासक्रम असावा हा विचार जुना आहे. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय शाळांसाठी मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललित कला व गृहविज्ञान अशा सात शाखा सुचविल्या. पुढे कोठारी आयोगाने 1966 साली दहा अधिक दोनच्या रचनेत उद्योगशिक्षणावर भर दिला. आपल्या राज्यात 1975 साली नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली. मी 1976 च्या तुकडीतला. आमच्या वेळी कल कोणी विचारला नाही. साठ टक्क्यांच्या वर गुण असलेला विज्ञानाला, खालचा वाणिज्याला आणि उरलेला कला शाखेला, अशी ती वाटणी होती. चाळणीलाच आम्ही निवड समजत होतो.

त्यानंतर 2016 साली राज्याने दहावीच्या मुलांची कल चाचणी घ्यावयास सुरुवात केली. तिच्यातही क्षेत्रे सातच होती, फक्त विज्ञान व गृहविज्ञान ह्यांच्या जागी आरोग्यसेवा आणि गणवेशधारी सेवा अशी काही नावे बदललेली. चाचणी वाईट होती असे मी म्हणत नाही. परंतु ज्या मुलाने प्रयोगशाळा पाहिली नाही, लेथ मशीन पाहिले नाही, माती तपासताना पाहिली नाही, त्याचा कल त्या दिशेला आहे की नाही हे कागदावरच्या प्रश्नांनी कसे कळावे? गणवेश मात्र त्याने पाहिलेला असतो. तेव्हा पुष्कळ मुले पोलीस वा सैन्यभरती हेच उत्तर देतात ह्यात नवल नाही.

ह्या बाबतीत आपल्या शेजारीच एक वस्तुपाठ आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून मोठ्या उद्योगातील संशोधनाची नोकरी केलेला हा गृहस्थ पन्नाशीत दुष्काळी पाबळात येऊन राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांसाठी त्यांनी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम तयार केला, आणि एसएससी मंडळाने पुढे तो मान्य केला. आठवड्यातील एक दिवस मुले हाताने काम करतात. वेल्डिंग व बांधकाम, वीज व ऊर्जा, शेती व पशुपालन, घर व आरोग्य असे त्याचे चार भाग. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा रक्तगट तपासावयास शिकतो. तीन वर्षे असे गेल्यावर ‘तुला काय आवडते?’ ह्या प्रश्नाला मुलाजवळ अनुभवाचे उत्तर असते. कलबागांनी हे शिक्षण मंदबुद्धी किंवा गरीब मुलांसाठी म्हणून वेगळे काढले नाही, ते सर्वांसाठी ठेवले. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

कारण येथे दोन चुका होतात. पहिली, हुशार मुलाने विज्ञानच घ्यावे ही. दुसरी, गरिबाच्या मुलाने लवकर आयटीआय करून कामाला लागावे ही. पहिली चूक बागायती गावांत होते, दुसरी आपणच डोंगरातल्या गावांत सद्भावनेने करतो. जर्मनीतील उमेदवारीच्या शिक्षणाचे आपल्याकडे फार कौतुक होते व ते पुष्कळ अंशी योग्यही आहे. परंतु तेथे बहुतेक राज्यांत मुलांची दहाव्या वर्षाच्या सुमारासच वेगवेगळ्या शाळांत विभागणी होते. 2000 सालच्या पिसा ह्या आंतरराष्ट्रीय पाहणीत असे दिसले, की जर्मनीत मुलाची शैक्षणिक प्रगती आणि घरची परिस्थिती ह्यांचे नाते विशेष घट्ट आहे. लवकर विभागणी केली की मुलाऐवजी बापाची निवड होते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांतील ठेकेदारांना स्वस्त हात पुरविणे ह्यालाच आपण उद्योगशिक्षण म्हणू लागलो, तर पुढच्या पिढीला तोंड दाखविता येणार नाही.

म्हणून माझे सूत्र असे आहे, की एकाच बाजूने बंद होणारी दारे शक्य तितका काळ उघडी ठेवावीत. बारावी विज्ञान झालेला मुलगा पुढे इतिहास किंवा वाणिज्य शिकू शकतो, पण कला शाखेच्या मुलाला अभियांत्रिकी वा वैद्यकाकडे वळता येत नाही. दुसरीकडे, आयटीआय म्हणजे वाटेचा शेवट नव्हे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेला थेट दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षात जाता येते. ही शिडी किती पालकांना ठाऊक आहे? खोडदला 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आपल्या शिवारात उभी आहे. विज्ञानदिनी मुले ती पाहावयास जातात आणि ‘शास्त्रज्ञ व्हा’ हा उपदेश ऐकून परत येतात. अशी यंत्रणा चालू ठेवावयास खगोलशास्त्रज्ञांबरोबर इलेक्ट्रॉनिक्सचे पदविकाधारक, वीजतंत्री आणि फिटरही लागतात, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

आता माझ्याच एका चुकीविषयी सांगतो. नोकरीत असताना पश्चिम आंबेगावातील एका मुलीला दहावीत फार चांगले गुण मिळाले. तिचे वडील मला विचारावयास आले. मी उत्साहाने म्हणालो, ‘विज्ञानच घ्या.’ तिने घेतले. मराठी माध्यमातून आलेली ती मुलगी, अकरावीत सारे विषय एकदम इंग्रजीतून सुरू झाले. वसतिगृहात जागा नव्हती. एसटीच्या वेळेमुळे पहिला तास नेहमी बुडे. दिवाळीनंतर ती आलीच नाही. पुढे तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून कला शाखेतून बारावी केली, आणि आज ती अंगणवाडी सेविका आहे. काही वर्षांपूर्वी घोडेगावच्या बाजारात भेटली. चहा घेताना सहज म्हणाली, ‘सर, कोणती शाखा घ्यायची ते तुम्ही सांगितलंत. राहायचं कुठं, ते नाही सांगितलंत.’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. परंतु त्या दिवसापासून मी शाखेचा सल्ला देण्यापूर्वी एसटीचे वेळापत्रक विचारतो.

तेव्हा आपण करावयाचे काय? प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील आठवीच्या मुलांची यादी करावी आणि वर्षातून निदान दोनदा प्रत्येक घरी जावे. भाषण करू नये, प्रश्न विचारावेत. मुलाला अपूर्णांक, टक्केवारी, साधी समीकरणे येतात का? येत नसतील, तर पुढची निम्मी दारे तेथेच बंद होतात, म्हणून गावातल्या पदवीधर मुलामुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी गणित व इंग्रजी घ्यावे. सुट्टीत मुलांना एखादा आयटीआय, एखादे तंत्रनिकेतन, एखादी प्रयोगशाळा, पाबळसारखी एखादी संस्था प्रत्यक्ष दाखवावी. आईवडिलांबरोबर बसून फी, प्रवास, खोली, जेवण आणि बुडणारी मजुरी असा पाच वर्षांचा हिशेब कागदावर मांडावा. जातीचा दाखला आठवीतच काढावा. आदिवासी मुलाचे जातवैधता प्रमाणपत्र वेळेवर न मिळाल्याने मिळालेली जागा हातची जाऊ शकते, म्हणून त्याचीही चौकशी आधीपासून करावी. मुलींच्या घरी आवर्जून सांगावे, की 2024-25 पासून व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांना शासकीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल व मागास गटांच्या मुलींची फी राज्याने माफ केली आहे.

आणखी एक गोष्ट. 2025 पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम लिहिता येतात, आणि पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की तेथेच प्रवेश घ्यावा लागतो. अशा अर्जाचा क्रम घाईगर्दीत सेवा केंद्रावरचा मुलगा ठरवितो. तो क्रम घरी बसून, मुलाने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलेला असला पाहिजे.

ह्या साऱ्याने शासनाची जबाबदारी संपत नाही. 1986 च्या धोरणाने 1995 पर्यंत उच्च माध्यमिकच्या पंचवीस टक्के मुलांना उद्योगशिक्षण देण्याचे ठरविले. 1992 साली ती मुदत 2000 पर्यंत पुढे ढकलली. 2020 च्या धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना उद्योगशिक्षणाचा परिचय करून देण्याचे सांगितले. तारखा पुढे जातात, परंतु शाळेतील कार्यशाळेला छप्पर आणि शिक्षक मिळत नाहीत. प्रत्येक आश्रमशाळेला गणित-विज्ञानाचा कायम शिक्षक, डोंगरातून सकाळी वेळेवर सुटणारी एसटी, घोडेगाव-जुन्नरला मुलींसाठी पुरेशी वसतिगृहे आणि आठवीपासून हाताला काम देणारा अभ्यासक्रम, ह्या चार मागण्या घेऊन आपण पंचायत समितीपासून मंत्रालयापर्यंत गेले पाहिजे. घरी जाऊन सल्ला देणारा आणि मोर्चात घोषणा देणारा कार्यकर्ता वेगवेगळा असून चालणार नाही. जो घरी गेला आहे, त्यालाच कोणती एसटी मागावयाची हे माहीत असते.

येथून परत गेल्यावर आपल्या गावातील आठवीच्या मुलांची नावे वहीत लिहा. पुढच्या बैठकीला येताना ती वही बरोबर आणा. भाषणे तेव्हा नकोत, त्या नावांविषयीच बोलू.